कीबोर्डकडे न पाहणाऱ्या कुसुमताई

अकोल्याहून फोन आला तेव्हा मी एका पाइपवाल्याशी भावावरून भांडत होतो. आई गेली, एवढंच कुसुमताईंचा मुलगा बोलला. समोरचा "शेठ, कितीले घेता बोला" म्हणत राहिला आणि मला पुढचा आकडाच सुचेना... माझ्या धंद्यात असं पूर्वी कधी झालं नव्हतं. ताईंवर माझा राग होता. अजूनही आहे. तो बाजूला न ठेवताच हे लिहितो आहे.

अमरावतीत माझं शेतीपंप आणि फवारणी यंत्रांच्या सुट्या भागांचं दुकान आहे, हातगाडीपासून उभं केलेलं. माल इतका वाढला की कोणती वस्तू कुठल्या फळीवर आहे ते मलाच आठवेना, म्हणून कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम करून घ्यायचं ठरवलं. कुसुमताई अकोल्यात टायपिंगचे वर्ग चालवता चालवता स्वतःच प्रोग्रॅमिंग शिकलेल्या. त्यांचा दर ऐकून मी पुण्यातल्या प्रोग्रॅमर पुतण्याचं वाक्य पुढे केलं. "ताई, प्रोग्रॅम लिहायले डोकं लागते. टायपिंगच्या स्पीडनं काय होते?"

त्या हसल्यासुद्धा नाहीत. "मंग त्या डोक्यालेच बोलवा ना भाऊ. मले कावून बोलावलं?"

दर उतरला नाही.

पहिल्या दिवशी त्या येऊन काउंटरशी बसल्या. मालाची नावं विचारतील असं वाटलं होतं. त्यांनी काहीच विचारलं नाही. तिवशाकडचा एक शेतकरी आला. "गळ्यातलं गोल रबर द्या, पाणी थुकून राह्यला पंप." ताईंची बोटं सुरू झाली. नजर मात्र त्याच्यावर. गळा म्हणताना त्याचा हात कुठे गेला, यावर. कीबोर्डकडे एकदाही नाही. तो बोलायचा थांबला आणि टकटकही थांबली. धारणीकडची एक बाई लाजून अर्धं खुणेनंच बोलली, तर ती खूणही शब्दांत उतरली. चेहरे वाचूनच मी आजवर सौदे केले, पण असं पाहणं मी कुठे पाहिलं नव्हतं. वेग होता म्हणून डोळे मोकळे होते... पुतण्याला हे कसं सांगणार?

प्रोग्रॅम झाला. 'गळा' आणि 'थुकते' एवढं टाकलं की नेमकं वायसर, म्हणजे ते गोल रबर, कोणत्या फळीवर आहे ते पडद्यावर दिसू लागलं. गिऱ्हाईक वाढलं. आणि मग कळलं की ताईंनी तोच प्रोग्रॅम, त्याच शब्दांसकट, अकोल्यातल्या एका दुकानाला दिला. मी फोनवर ओरडलो, "माह्या दुकानातले शब्द हायेत ते!"

"लोकाईचे शब्द तुमच्या गोदामात कवापासून राह्यले, भाऊ?"

मी फोन आपटला. त्यानंतर आम्ही बोललो नाही.

ताईंच्या तेरवीला अकोल्याला गेलो. परतताना तो प्रोग्रॅम घेतलेलं दुकान मुद्दाम गाठलं, भांडायच्याच तयारीनं. काउंटरवर एक मुलगी होती, ताईंच्या वर्गात शिकलेली. समोरचा म्हातारा पंप कशा धापा टाकतो ते तोंडानं करून दाखवत होता, आणि ती त्याच्याकडे एकटक पाहत टाइप करत होती. मान ताईंसारखीच किंचित कललेली, ओठ त्यांच्यासारखेच मिटलेले... मी तिथेच उभा राहिलो. म्हातारा वस्तू घेऊन गेला.

"बोला काका, काय पाह्यजे?"

ती माझ्याकडे पाहत होती.

"काई नाई... पाहून राह्यलो."

तिची बोटं तेवढंही टिपून गेली.