मामांनी सोपवलेला रस्ता

मामा गेल्याचा फोन आमच्या खालच्या वाण्याकडे आला, तेव्हा मी नुकतीच दहिसरहून, त्यांच्याकडूनच, मुलुंडला घरी परतले होते. "अहो, दुपारी तर मी पेज भरवून आले," असं त्या वाण्यालाच सांगत बसले... त्याला बिचाऱ्याला काय कळणार! महिना होत आला, पण ती दुपार काही माझा पिच्छा सोडत नाही.

मामा सरकारी बांधकाम खात्यात मुकादम होते. दहिसर नाक्याकडचा मोठा रस्ता त्यांच्या गँगकडे. माणूस तोंडाचा फटकळ. खड्ड्यालासुद्धा शिव्या घालायचे. त्या रस्त्याखाली एक मोरी आहे, ती बांधताना काही मजूर मातीखाली गाडले गेले होते म्हणे. दर अवसेला मामा तिथे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचे, अगदी आमच्या कोकणातल्यासारखं. एकाने देवाला सांगायचं, मागच्यांनी 'होय म्हाराजा' म्हणायचं. ते उत्तर आलं की बोललेलं पक्कं झालं.

मग सरकारने मोठे रस्ते कंपनीकडे द्यायचं ठरवलं. मोरीपाशीच मांडव घातला, हारतुरे झाले, सह्या झाल्या. मामांची गँग सकाळीच दुसरीकडे पाठवलेली. तरी मामांनी नारळ घेतला आणि सुरू केलं, "बा देवा म्हाराजा, ह्यो रस्तो राखणीसकट ह्येंच्या हवाली करतंय, ह्येंका सांभाळून घे रे म्हाराजा!" कंपनीच्या साहेबांना फार आवडलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

घरी येऊन मामा जेवलेच नाहीत. मला म्हणाले, "टाळी म्हणजे होकार न्हय गो. रस्तो माझ्याकडेच रवलो." मी हसले. कागदावर सरकारने दिला, कंपनीने घेतला, आता तुमचा काय संबंध, म्हटलं. पण पेन्शनीत निघाल्यावरही ते बसल्या बसल्या पायाची नळी चोळायचे आणि म्हणायचे, "मोरीकडे खणतत." मामी वैतागायची, "गप ऱ्हवा!" दुसऱ्या दिवशी कुणीतरी येऊन सांगायचंच की तिकडे रस्ता खोदलाय. 

शेवटच्या आजारात पाय सुजले. बोट दाबलं की खळगा पडायचा, आणि तो दिवसभर तसाच राहायचा. डॉक्टर म्हणाले, सूज आहे. मामी त्या खळग्यावरून हात फिरवत राहायची. जीव नुसता अडकून पडला होता हो... आम्हा सगळ्यांनाच बघवत नव्हतं.

त्या दुपारी मी पेज भरवत होते. मामा डोळे मिटून पुटपुटत होते, "म्हाराजा... ह्यो रस्तो आता कोणाच्या हवाली करू, म्हाराजा..." लहानपणापासूनची जिभेची सवय मेली! गाऱ्हाणं कानावर पडलं आणि मी म्हणून गेले, "होय म्हाराजा."

मामीच्या हातातलं भांडं खाली पडलं. मामांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं, खूप दिवसांनी इतकं नीट. "तू कशाक म्हटलंस गो?" एवढंच बोलले, आणि शांत झोपले. मी निघताना त्यांच्या पायावर हात ठेवला, तर सूज नव्हती.

माझी लेक सारखी ओरडते, आई, नळी काय चोळत बसतेस? काल तिला समोर बसवून बजावलं, "हे बघ, शेवटी शेवटी मी काहीही बरळले, तरी त्याला हो म्हणायचं नाही. कळलं?"

ती पुस्तकातून मान वर न करताच म्हणाली, "हो गं आई, हो."