लाल चुन्नीवाली टोळी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण एकदा सांगायला लागलो की मध्ये कुणी हसलेलं मला खपत नाही. अख्ख्या गल्लीसमोर माझी जी काही शोभा झाली ना, ती आठवली की अजून कान तापतात. आणि चूक माझी एकट्याची नव्हती, हे आधीच सांगून ठेवतो. चूक त्या प्रेमळ शेजाऱ्यांची!

प्रेमळ शेजारी म्हणजे काय, हे तुम्हाला पुण्यात बसून कळायचं नाही. बदली होऊन दिल्लीला आलो तेव्हा वर्षभर मी मुनिरकात एका खोलीत एकटा राहिलो. समोरच्या खोलीत कोण राहतं, मला माहीत नव्हतं. मी कोण, हे त्याला माहीत नव्हतं. काय सुख होतं हो! मग मुग्धा आणि आमची सहा वर्षांची इरा आल्या, आणि मुग्धानं शोधून शोधून फरीदाबादची ही गल्ली काढली. म्हणे, "दिल्ली जवळ, आणि माणसं कशी गावातल्यासारखी!"

अहो, गावात निदान दार तरी वाजवतात! इथे शेजारच्या भाटिया आंटी थेट स्वयंपाकघरात येतात आणि पातेल्यावरचं झाकण उचलतात. "भाई साहब, दाल में गुड़?" आमच्या आमटीत गूळ असतो ही बातमी संध्याकाळपर्यंत गल्लीच्या त्या टोकाला पोचलेली असते. या लोकांपासून जीव वाचवायचा मला एकच उपाय सापडला होता. काहीही बोलले तरी "हां जी, बिल्कुल" म्हणायचं आणि सटकायचं.

तर नवरात्रात मुग्धा तिच्या आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पुण्याला गेली. जाताना म्हणाली, "घर नाही आवरलंस तरी चालेल. फक्त इराकडे लक्ष ठेव." मी म्हटलं, त्यात काय एवढं?

अष्टमीला मी रजा टाकलेली. सकाळी उठतो तो शेजारी इरा नाही! बाथरूममध्ये नाही, गच्चीत नाही. दार नुसतं लोटलेलं. तिच्या चपलाही गायब. चेष्टा बाजूला ठेवा, पण मी पलंगाखालीसुद्धा वाकून बघितलं.

तसाच बनियन-बर्म्युडावर खाली धावलो. गेटवर नवा चौकीदार ऊन खात बसलेला.

"इरा को देखा?"

"हां साब, बिटिया तो कब की निकल गई. एक लेडीज़ थी साथ में. और भी लड़कियां थीं, सबको लाल चुन्नी ओढ़ा रखी थी."

टोळी! सगळ्या मुलींची डोकी झाकून, एकसारख्या करून नेणारी टोळी!

"और तुमने जाने दिया?"

"मैं क्यों रोकूं जी? मैंने तो हाथ जोड़े. बिस्कुट का पैकेट भी दिया."

ऐकलंत? पोरीला पळवून नेताहेत, आणि आमचा चौकीदार हात जोडून वर वाटेसाठी खाऊ देतोय! यासाठी पगार देतो आम्ही?

कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे धावलो. तो गरम इस्त्री हातात धरून कौतुकानं म्हणाला, "देखा ना साब! मैंने पैर छुए तो हंसने लगी."

काय बोलणार अशा माणसाशी? मी पोलिसांना फोन लावला.

"क्या पहना है बच्ची ने?"

"लाल चुन्नी."

"सिर पर?"

"हां, सिर पर!"

"भाई साहब, आज के दिन तो..."

"आज के दिन क्या पुलिस छुट्टी पर है?" मी असा काही गरजलो की बिचाऱ्यानं पुढचं वाक्य गिळलं आणि मुकाट्यानं पत्ता लिहून घेतला.

मग मी गल्लीच्या ग्रुपवर इराचा फोटो टाकला. 'मेरी बेटी को कोई औरत ले गई है. किसी ने देखा?' उत्तरं काय यावीत? जोडलेले हात. गुलाबाची फुलं. 'जय माता दी.' आणि एका बाईंचं तर, 'हमारे यहां भी भेज देना जी, दो कम पड़ रही हैं.'

दोन कमी पडताहेत! मुली! मला घेरीच आली. हीच का ती गावातल्यासारखी माणसं?

त्या ग्रुपवर मुग्धाही आहे, हे मात्र मी साफ विसरलो होतो. फोन वाजलाच.

"तू झोपला होतास?"

"अगं, मी शोधतोय ना..."

"मी विमानाचं तिकीट बघतेय." फोन बंद. मला वाटलं, आता मुलगी मिळाली नाही तर या बाईला मी तोंड कसं दाखवू?

तेवढ्यात गल्लीच्या टोकाच्या घरातून घंटा वाजली, आणि पाठोपाठ इराचं हसणं ऐकू आलं. मी आत घुसलो. "छोड़ो मेरी बेटी को!"

आत चटईवर लाल चुन्न्या घेतलेल्या मुलींची रांग. प्रत्येकीच्या कपाळावर टिळा, पुढ्यात पुरी, हलवा आणि काळे चणे. रांगेत इरा. गालाला हलवा लागलेला. माझ्याकडे बघून ओरडली, "बाबा, चपला काढ! पूजा चालू आहे!"

भाटिया आंटी पुरी वाढता वाढता थबकल्या. "भाई साहब, आज कंजक है ना! छोटी लड़कियों को देवी मानकर घर-घर खिलाते हैं. कल शाम आपसे पूछा तो था. आप फोन पर थे, बोले, हां जी, बिल्कुल. सुबह आप सो रहे थे, तो उठाया नहीं."

आता बोला! कुमारिका आमच्याकडेही जेवायला बोलावतात. पण रीतसर, दुपारी, एका घरी! उजाडल्याबरोबर पोरी गोळा करून गल्लीभर वरात नाही काढत! हे सगळं मी ठणकावून सांगणार, तोच घरच्या म्हाताऱ्या बीजींनी माझा दंड धरला.

"गुस्सा बाद में करना, पुत्तर. कंजकों के साथ एक लड़का भी बिठाते हैं. मेरा वाला पेट भर के भाग गया. तू बैठ."

"मैं? बीजी, मैं चालीस का हूं!"

"मेरे लिए तो सब बच्चे हैं. बैठ."

आणि मी बसलो! का बसलो, विचारू नका. पोरगी समोर धडधाकट दिसल्यावर माझ्या अंगातलं सगळं बळच गेलं होतं. बीजींनी माझे पाय धुतले, टिळा लावला, मनगटात धागा बांधला, पुढ्यात पान ठेवलं. सकाळपासून पोटात काही नव्हतं. मी हलव्याचा मोठा घास घेतला.

तेवढ्यात दारात हवालदार. त्यानं बूट काढले, देवीला हात जोडले आणि विचारलं, "गायब बच्ची का बाप कौन है?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. माझं तोंड भरलेलं! मी टिळ्यासकट, धाग्यासकट, बनियनवर, हात वर केला. हवालदारानं मला नखशिखान्त न्याहाळलं. रांगेतल्या मुलींच्या पाया पडत पडत तो पुढे आला, आणि सवयीनं माझ्याही पाया पडला.

त्याच क्षणी मुग्धाचा व्हिडिओ कॉल. माझे हात तुपानं बरबटलेले, म्हणून फोन इरानं उचलला. पलीकडे मुग्धा रडकुंडीला आलेली. इरानं कॅमेरा माझ्याकडे वळवला आणि आईची समजूत घातली.

"आई, रडू नकोस. बाबा सापडला!"