पांढऱ्या गाडीची बदनामी

ठाण्यात नगरपालिकेचा बंब माझ्या ताब्यात होता, त्या वर्षांत त्याने आगी कमी विझवल्या आणि धूळच जास्त बसवली. कोणी पुढारी येणार म्हटलं की रस्त्यावर पाणी मारायला बंब हजर. तरी लोकांचा त्याच्यावर जीव. दसऱ्याला बायका त्याला हळदीकुंकू वाहायच्या, त्यात माझी बायको पहिली.

मग आजाऱ्यांसाठी पांढरी गाडी आली. आत गादी, खिडक्यांना पडदे. मला वाटलं, गाव धन्य होईल. पण आजाऱ्याला आधी अंगारा, मग वैद्य, मग टांगा, आणि सगळ्यांनी हात टेकले की आमची गाडी, असा क्रम ठरलेला. त्यामुळे तिच्यातून गेलेला परत येत नसे, आणि दोष गाडीला. ती रेल्वेपलीकडच्या कोपरीत शिरली की लोक पोरांना घरात ओढून घेत. वेळेवर बोलवा, असं मी घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं. लोक मान डोलवायचे आणि टांगा बोलवायचे.

आम्ही कोपरीतच राहायचो. बायको बाळंतपणात अडली. मूल पायाळू होतं. सुईणीने सांगून टाकलं की आता इस्पितळात न्या. मी पांढरी गाडी दारात आणली. ती पाहताच बायकोने चौकट घट्ट धरली.

"हिच्यातून गेलेला एक तरी परत आलेला दाखवा, मग बसते."

मी आठवून पाहिलं. गावाला उपदेश करणाऱ्या मला एक माणूस सांगता येईना. टांगा रेल्वेच्या फाटकात ताटकळणार, हे दिसत होतं.

"तुमचा बंब आणा," ती म्हणाली. "त्याला मी कुंकू लावलंय."

पांढऱ्या गाडीतली गादी काढून बंबात घातली आणि घंटा बडवत निघालो. घंटा ऐकून फाटकवाल्याने फाटक उघडलं, आणि निम्मी कोपरी बादल्या घेऊन आमच्या मागे धावली.

मुलगी झाली. दोघी सुखरूप. मी इस्पितळाच्या पायरीवर बसून मनसोक्त रडलो. बादल्या घेऊन आलेल्यांना वाटलं, आग फार मोठी असावी.

घरी न्यायच्या दिवशी मात्र मी पांढरी गाडी घेऊन गेलो. बायकोने नाक मुरडलं, पण बसली. मी मुद्दाम पडदे उघडे ठेवून गाडी भर बाजारातून आणली. मांडीवर बाळ घेऊन ती परत येताना सगळ्यांनी पाहिलं. झालं, बदनामी संपली, असं मला वाटलं.

काही दिवसांनी मिठागरावरचे एक आजोबा आले. त्यांची सून अडली होती. मी मोठ्या उत्साहाने पांढऱ्या गाडीकडे निघालो, तर त्यांनी माझा हात धरला.

"सायब, नेवाला बंब द्या. पांढरी गारी परत आनाला ठेवा."

मी बंब दिला, आणि पांढऱ्या गाडीतली गादी उन्हात घालून बाळ-बाळंतिणीची वाट बघत बसलो.