पिन्न्यांचा डबा

लेक उद्या कॉलेजसाठी पुण्याला निघालीय, म्हणून मी तुपात कणीक भाजत बसलेय. तिला पिन्न्या हव्यात. पिन्नी म्हणजे आपला कणकेचा लाडूच, पण तो वास आला की मी थेट मोहालीच्या हॉस्टेलवर जाऊन पोचते.

मी लातूरहून तिथे नवीनच आले होते. माझी रूममेट हरप्रीत रोपडची, तासाभरावरची. तिची आई दर रविवारी यायची, लेकीची चादर बदलायची, केसांना तेल लावायची, मळके कपडे पिशवीत भरून न्यायची. मी पुस्तकात डोकं खुपसून नुसती जळायचे. माझ्या आईला यायचं तर रेल्वेचे दोन दिवस.

एका रविवारी हरप्रीतच्या आईंनी पिन्न्यांचा एक डबा माझ्याही हातात ठेवला. "ये तेरे लिए, पुत्तर."

आमच्यात कुणाचा डबा रिकामा परत करत नाहीत. काही नसलं तर चिमूटभर साखर घालतात. माझ्याकडे तर आईने दिलेली शेंगदाण्याची चटणी होती. तरी पुढच्या रविवारी मी तो डबा घासून, पुसून, लेक आईला देते तसा, मुद्दाम रिकामा दिला. त्यांनी तो हसत घेतला आणि पुढच्या खेपेला पुन्हा भरून आणला.

"मम्मा, डब्बा वापस कब चाहिए?" इकडे उत्तरेतच वाढलेली लेक तिच्या हिंदीत विचारतेय.

"दिवाळीला आण."

तेव्हा हरप्रीतचा हेवा वाटायचा. आज तिच्या आईचा वाटतोय. त्यांना त्यांचा रिकामा डबा दर रविवारी परत मिळायचा.