उलट्या बाजूची पारख

गल्लीत तिला सगळे ‘उलटीबाजू’ म्हणायचे, अर्थात तिच्या पाठीमागे. तिला ते ठाऊक होतं, आणि मनातून थोडं आवडतही होतं. एकतीस वर्षं तिने तयार कपड्यांच्या कारखान्यात चेकरचं काम केलं. शिवून आलेला शर्ट टेबलावर पडला की बाई आधी तो उलटा करायची. वरून काय, इस्त्री मारली की सगळेच राजबिंडे दिसतात. सुटलेली टीप, कच्चं काज, लोंबणारे दोरे हे सगळं आतल्या अंगाला लपून बसलेलं असतं. दोष सापडला की त्या जागी नखाएवढा लाल बाणाचा स्टिकर लावायचा आणि कपडा दुरुस्तीला परत. सुपरवायझर तिच्या टेबलापाशी यायचे ते तोंड वाकडं करूनच. निवृत्त झाली तेव्हा कारखान्याने तिला भिंतीवरचं घड्याळ दिलं, आणि लाल बाणांच्या दोन गुंडाळ्या तिने स्वतःच पिशवीत टाकल्या. त्याला चोरी म्हणायचं असेल तर म्हणा.

सवय काही निवृत्त झाली नाही. भाच्याने लग्नासाठी पसंत केलेली मुलगी पहिल्यांदा घरी आली, तर हिने ‘ये, बस’ म्हणायच्या आत तिच्या ड्रेसची बाही उलटून पाहिली. “स्वतः शिवलास? टीप सरळ आहे,” एवढंच म्हणाली. पोरीला वाटलं, आपण नापास. वास्तविक याहून मोठं कौतुक त्या तोंडातून कधी कुणाचं झालं नव्हतं. ती मुलगी आता घरची सून आहे आणि हा किस्सा येणाऱ्या-जाणाऱ्याला तिखटमीठ लावून सांगते.

ही नजर तिला दिली ताईने. आई लवकर गेली. अकरा वर्षांनी मोठ्या ताईने शिलाई मशीन चालवून धाकटीला वाढवलं, शिकवलं, आणि स्वतःचं लग्नही त्यापायी लांबवलं. “विकणारा वरून दाखवतो, धाकटे. आपण आतून बघायचं,” हे ताईचं वाक्य. पुढे दोघींचे संसार झाले, दोघींचे नवरे गेले, आणि गेली आठ वर्षं धाकटी ताईच्याच घरी, भाच्या-सुनेसोबत राहत होती.

त्या ताईला आता हाडांपर्यंत पोचलेला आजार झाला होता. डॉक्टरांनी भाच्याला आणि मावशीला समोर बसवून सरळ सांगितलं, की आजारावर आता औषध नाही, पण दुखण्यावर आहे. शेवटच्या दिवसांत माणसाला आराम देणाऱ्या जागा असतात, हॉस्पिस म्हणतात त्याला. त्यांनी तीन पत्ते लिहून दिले. “फार वेळ घालवू नका,” असंही म्हणाले.

भाच्याने घरी येईपर्यंत फोनवर तिन्हींचे फोटो पाहून टाकले. “मावशी, हे पहिलंच घेऊ. कसं चकाचक आहे बघ.”

“फोटो कोणत्या बाजूने काढलाय?” मावशीने विचारलं. भाच्याने कपाळाला हात लावला.

पहिल्या जागी खरंच सगळं चकाचक होतं. काउंटरवरच्या मुलीने गोड हसून रंगीत पुस्तिका दिली आणि एक सजवलेली खोली दाखवली. आपल्या बाईने पुस्तिका वारा घ्यायला वापरली आणि म्हणाली, “ही रिकामी खोली झाली. आता माणूस असलेली दाखवा.” बऱ्याच कुरबुरीनंतर एका आजींच्या खोलीत जायला मिळालं. पाण्याचा पेला खिडकीत, आजींच्या हातापासून चार हात लांब. बोलवायच्या घंटीचं बटण खाटेच्या मागे, भिंतीला गुंडाळून ठेवलेलं. तिने आजींना विचारून ते बटण दाबलं आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभी राहिली. अकरा मिनिटांनी एक जण डोकावला आणि म्हणाला, “चुकून वाजली का?”

“नाही,” ती म्हणाली. “चुकून आलात तुम्ही.” बडा घर, पोकळ वासा, असं पुटपुटत ती बाहेर पडली.

दुसरी जागा खरं तर बरी होती. रुग्णांच्या टाचा स्वच्छ, चादरी कोरड्या, माणसं मायाळू. बाई जवळजवळ पाघळली होती. पण निघताना तिने विचारलं, “रविवारी दुखणं वाढलं तर?” उत्तर आलं, “मोठं औषध डॉक्टरच लिहून देतात. ते सोमवारी सकाळी पहिलं काम म्हणून येतात.”

“आणि दुखणं रविवारची सुट्टी घेतं का?” संपलं. नापास.

संध्याकाळी घरी भाचा दारातच उभा होता. आतून ताईचं कण्हणं ऐकू येत होतं. आवाज होऊ नये म्हणून ती पांघरुणाचं टोक दातांत धरायची. त्या टोकाला आता भोक पडलं होतं. भाचा हळू आवाजात बोलला. “मावशी, तू आयुष्यात एक तरी पीस पास केलास का गं? तुला निर्दोष जागा हवीये, आणि तोवर माझी आई तिथे पांघरूण चावतेय.”

मावशीला पोराचा राग आला नाही, भीती वाटली. तो खरं बोलत होता. ज्या ताईने तिला नजर दिली, तिच्याच दुखण्याचे दोन दिवस त्या नजरेपायी वाया गेले होते. आणि नजर मिटून ताईला कुठेही टाकायचं, तर तेही जमणार नव्हतं. उद्याची तिसरी जागा ही शेवटची होती.

तिसरी जागा म्हणजे एक बैठी, जुनी इमारत. भिंतीचा रंग पोपडे धरून निघालेला, दाराची बिजागरी कण्हणारी. प्रमुख नर्स साठीला आलेल्या. सगळे त्यांना मोठ्या सिस्टर म्हणत. पुस्तिका वगैरे काही नव्हती. “हिंडा, बघा, हवं ते विचारा,” असं म्हणून त्या स्वतःच्या कामाला लागल्या.

बाई हिंडली. आणि हात सवयीने पिशवीत गेला. बिजागरीवर एक लाल बाण. डुगडुगणाऱ्या मेजाच्या पायावर दुसरा. मागच्या महिन्याचं पान दाखवणाऱ्या कॅलेंडरवर तिसरा. नळावर चौथा. एका उशीचा अभ्रा उलटून पाहिला तर शिवणीची कड राठ, पडून राहणाऱ्याच्या गालाला घासेल अशी, तिथे पाचवा. खिडकीच्या न लागणाऱ्या कडीवर सहावा. चौथ्या खाटेच्या घंटीची दोरी आखूड होती, तिच्यावर सातवा.

पाचव्या खाटेवर एक म्हातारे गृहस्थ बेशुद्धीत होते. एक सेविका त्यांचं अंग पुसत होती आणि एकटीच बोलत होती. “आजोबा, आता डावा हात उचलते हं. पाणी कोमट आहे. आता कुशीवर वळवते, घाबरू नका.”

“त्यांना ऐकू येतं?” बाईने विचारलं.

“माहीत नाही बाई,” सेविका म्हणाली. “पण न सांगता माझा हात कुणी उचलला, तर मला नाही चालणार.”

शितावरून भाताची परीक्षा म्हणतात. आपल्या बाईला ते शीत तिथे मिळालं होतं. ती कितीतरी वेळ खाटेपाशी उभी राहिली, आजोबांच्या टाचा पाहिल्या, पाठ पाहिली, कुठे लालीसुद्धा नव्हती. पण डोक्यात सात बाण होते. सात बाणांचा पीस तिने जन्मात पुढे जाऊ दिला नव्हता. “उद्या सांगते,” म्हणून ती निघाली आणि अर्ध्या रस्त्यात थबकली. आपण कारखान्यात नव्हतो! विचारलं नाही, सांगितलं नाही, परक्यांच्या घराला खुशाल बाण डकवून आलो. लहान मुलीसारखी तिची कानशिलं तापली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच ती माफी मागायला तिथे पोचली. दार उघडलं. बिजागरी कण्हली नाही.

मोठ्या सिस्टरांनी तिच्यापुढे एक जाडजूड वही ठेवली. एकाखाली एक सहा लाल बाण पानावर चिकटवलेले होते, आणि प्रत्येकासमोर चार रकाने: जागा, दोष, दुरुस्ती, सही. बिजागरी, तेल घातलं. मेज, पायाखाली पाचर. कॅलेंडर, पान फाडलं, लाज वाटली. तेही तसंच लिहिलं होतं.

“तुमचा अर्थ लावायला थोडा वेळ लागला,” मोठ्या सिस्टर म्हणाल्या. “सेविकेला वाटलं, कुणी पाहणी करायला आलं होतं सरकारी. मी म्हटलं, सरकारी माणूस अभ्रा उलटा करून बघत नाही.”

“सातवा?” बाईच्या तोंडून गेलंच.

“घंटीची दोरी. वायरमन दुपारी येतोय. तोवर ही ठेवलीय.” चौथ्या खाटेच्या उशाशी, हाताला लागेल अशी, एक छोटी पितळी घंटा होती. “आणि सह्या तुम्ही करायच्या. ज्याने दोष दाखवला, त्याने दुरुस्ती बघून सही करायची, हा इथला नियम. आम्ही आमच्याच सह्या करत बसलो तर काय अर्थ?”

एकतीस वर्षांत तिचे बाण लोकांनी खरवडून काढले होते, खिशात लपवले होते. जपून वहीत कुणी चिकटवले नव्हते. तिने सहाही जागा पुन्हा तपासल्या, अभ्रा उलटा करून गालाला लावून पाहिला, सहा सह्या केल्या. मग विचारलं, “रविवारी दुखणं वाढलं तर?”

“औषध कपाटात, किल्ली माझ्या कमरेला, डॉक्टरांचा हुकूम आधीच लिहिलेला. आणि मी इथेच मागच्या खोलीत राहते.”

“चौथी खाट रिकामी आहे ना?” बाईने वही मिटली. “माझ्या ताईला आजच आणते.”

दुसऱ्या दिवशी दुपारी ताईने पांघरुणाचं टोक सोडलं. औषधाने दुखणं असं ओसरलं, की कितीतरी दिवसांनी तिने सुनेला चिडवलं, थोडी पेज मागून घेतली आणि लेकाला म्हणाली, “दाढी कर रे, तूच आजारी दिसतोस.” भाचा बाहेर व्हरांड्यात जाऊन रडला. मग मावशीपाशी येऊन तिच्या पायाला हात लावू लागला, तर तिने त्यालाच दटावलं, “उगाच वाकू नकोस. शर्टाचं खालचं बटण सुटतंय तुझं.”

आणि बाईचा कारभार सुरू झाला. सकाळी आली की पहिल्या खाटेपासून शेवटच्या खाटेपर्यंत फेरी. नळ, पेले, अभ्रे, उशा. वहीची पानं भरत चालली. राठ कडांचे अभ्रे ती घरी नेऊन उसवून शिवून आणी. सेविका तिला आता ‘मोठ्या सिस्टरांच्या मोठ्या सिस्टर’ म्हणू लागल्या होत्या. कौतुक करावं तेवढं थोडंच. पण एक गोष्ट तिच्या तीक्ष्ण नजरेला दिसत नव्हती, ती चौथ्या खाटेवरून रोज दिसत होती. धाकटी ताईच्या खाटेपाशी यायची, उशी सरळ करायची, घंटा हाताशी आहे का बघायची, आणि पुढच्या खाटेकडे जायची. खाटेशेजारच्या स्टुलावर ती एकदाही बसली नव्हती.

नवव्या दिवशी दुपारी ती उशीची शिवण बघायला वाकली, तेव्हा ताईने हात वर केला आणि तिच्या कपाळावर काहीतरी डकवलं. लाल बाण होता. मोठ्या सिस्टरांकडून मागून ठेवला होता.

“हे काय गं? मी रिजेक्ट?”

“रिजेक्ट कशी करीन? मीच तर शिवलंय तुला,” ताई म्हणाली. बोलताना तिला दम लागत होता. “दुरुस्तीला काढलंय फक्त. एका जागी बसत नाहीस.”

“अगं, मी बघितलं नाही तर इथे कोण...”

“बघतात ते. तू बघून घेतलंयस. पास केलंयस ना? मग आता बस.”

धाकटी बसली. कपाळावरचा बाण तसाच होता. बसल्यावर तिला कळलं, की आपण बसत का नव्हतो. बसलं की ताईचा चेहरा दिसायचा, आणि त्या चेहऱ्यावर कुठेही बाण लावून उपयोग नव्हता. ती हमसाहमशी रडली. ताईने तिला रडू दिलं. मग धाकटीने ताईचा हात हातात घेऊन, सवयच ती, उलटा केला. बोटांच्या टोकांवर सुईच्या जुन्या टोचण्या होत्या, साठ वर्षांच्या. त्यातल्या निम्म्या तरी आपल्या फ्रॉकांच्या असतील, असं तिला वाटलं. संध्याकाळपर्यंत दोघी बोलत होत्या, आईबद्दल, मशीनबद्दल, आणि एकदा ताईने पिवळ्या कापडाला उलटी बाही जोडली होती त्याबद्दल. त्यावर दोघी हसल्यासुद्धा. पुढचे चार दिवस वहीत एकही नवा बाण गेला नाही.

पाचव्या दिवशी सकाळी, ऊन खाटेवर आलं असताना, ताई गेली. शांतपणे गेली. हात धाकटीच्या हातात होता. सेविका अंग पुसायला आली आणि म्हणाली, “ताई, आता उजवा हात उचलते हं.” ते ऐकून धाकटीने तिच्यापुढे हात जोडले.

सगळं आटोपल्यावर आठ दिवसांनी ती ताईची घंटा परत ठेवायला म्हणून आली. नजरचुकीने ती सामानात घरी गेली होती. मोठ्या सिस्टरांनी वही पुढे केली. “एक सही बघायची राहिली तुमची.”

“माझे सगळे बाण मी तपासलेत.”

“हा तुमचा नाही.”

शेवटच्या बाणाच्या एका कोपऱ्याला धाकटीच्या कपाळाची पावडर लागलेली होती. समोर मोठ्या सिस्टरांच्या अक्षरात, ताईने सांगितलेलं. जागा: चौथी खाट. दोष: धाकटी बसत नाही. दुरुस्ती: बसली. आणि चौथ्या रकान्यात, ज्याने दोष दाखवला त्याने करायची म्हणून, ताईची सही. हात चालत नसताना केलेली, वाकडीतिकडी, रकान्याबाहेर गेलेली. सहीखाली तिने स्वतःच्या हाताने आणखी एक शब्द लिहिला होता: पास.

धाकटीने पान उलटून मागची बाजू पाहिली नाही. खुर्ची ओढून घेतली आणि ती वही मांडीवर घेऊन बसून राहिली.