बुडातून तोडलेला गुलाब

सत्कारात कुणी ताजा लाल गुलाब दिला की मी तो वास न घेताच बाजूला ठेवते. घरातली पहिली पदवी मला मिळाली, तेव्हा मी बीडच्या नर्सरीतून वासाच्या लाल वेलगुलाबाचं कलम आणून मोरीजवळ लावलं होतं. वर्षभरात वेल पत्र्यावर चढला. संध्याकाळी चुलीच्या धुरातूनही त्याचा वास यायचा. पुढच्या उन्हाळ्यात मी केजच्या नोकरीवरून सुट्टीला आले, तर वेल जमिनीलगत तोडलेला. ऊसतोडीवरून परतलेले माझे वडील, आबा, कोयता पुसत हसत होते. “वाळल्यावानी दिसत व्हता. बुडातून तोडला की उसाचा खोडवा कसा जोरात फुटून येतो! आता बघ पोरी, लई फुलं येतील.” कलमाचा खालचा खुंट रानगुलाबाचा असतो, तोच आता फुटणार, हे मला शांतपणे सांगता आलं असतं. पण शेजारणींसमोर मी म्हणाले, “आबा, तुम्हाला तोडण्याशिवाय दुसरं येतं काय?” त्यांचं हसू गेलं. “न्हाई बाई, दुसरं कुणी शिकवलंच न्हाई,” म्हणत त्यांनी कोयता आत नेऊन ठेवला. त्याच कोयत्यानं मला शिकवलं होतं. वेल खरंच जोरात फुटला, फिकट, बिनवासाच्या फुलांनी भरला. आबा घरी असले की त्याला रोज पाणी घालायचे आणि दर हंगामात पहिलं फूल माझ्यापुढं धरून विचारायचे, “आला का गं वास?” आबा आता नाहीत, वेल अजून आहे. मी शिकलेली, दर वेळी “नाही” असं खरं तेच सांगत राहिले.