मेटलच्या लायनीतला मुलगा

२००६ साल. मी बासष्ट वर्षांचा होतो आणि अजून कापडाच्या लूमवर, यंत्रमागावर, उभा राहत होतो. चौथीच्या पुढं शाळा पाहिली नाही, पण घरात शब्द माझाच शेवटचा. एकुलत्या मुलाचं लग्न जमवायचं होतं. मुलगा दिवसा गोदामात कामाला, संध्याकाळी निजामपुऱ्यात मित्राच्या कारखान्यात. तिथं काय करतोस विचारलं तर म्हणायचा, "मेटल, बाबा." फोनवरही तेच. ब्लॅक मेटल नको, हेवी पाहिजे.

आमच्याकडं रस्त्याच्या खडीला मेटल म्हणतात. काळ्या दगडाची ती ब्लॅक मेटल. मला वाटलं, पोरगा खडीचा धंदा जमवतोय. कोन गावचं एक स्थळ आलं, मुलीच्या बापाचे खडीचेच डंपर. मी सांगून टाकलं, आमचा मुलगा मेटलच्या लायनीत आहे. ते खूश झाले.

बघायला गेलो. पोहे झाले तसं मुलीच्या बापानं मुलाला विचारलं, "कंची मेटल करता?"

"डूम."

"ही कंची साइज?"

"साइज नाही काका. मेटल म्हणजे गाण्याचा प्रकार. आम्ही गिटार वाजवतो."

मी मान खाली घातली नाही. मुलीनं विचारलं म्हणून मुलगा सांगत बसला. थ्रॅश म्हणजे नुसती पळापळ, हात भरून येतात. डेथमध्ये गाणारा पोटातून गुरगुरतो. ब्लॅक म्हणजे चिरका आवाज, हुडहुडी भरल्यासारखा. डूम सगळ्यांत संथ आणि जड.

"म्हणजे डूमवाल्यांना घाई न्हाय," मुलगी म्हणाली आणि हसली.

बाप हसला नाही. "दादा, तुमी तर खडी सांगितली व्हती."

"मी मेटल म्हणालो. मेटलच हाय," मी म्हणालो.

निघताना त्यांनी मला बाजूला घेतलं. मुलगी राजी दिसते, म्हणाले, पण मुलानं हे वाजवणं बंद करून आमचे डंपर बघावेत. उद्या कळवा.

 रिक्षात मुलगा म्हणाला, "मुलगी पसंत आहे बाबा. पण हे मी सोडणार नाही." मी म्हटलं, रिक्षा निजामपुऱ्याकडं घ्यायला सांग.

मित्राच्या कारखान्यात मुलाचे सोबती जमलेलेच होते. शेजारच्या शेडमध्ये लूम चालू होते, म्हणून या पोरांच्या आवाजाची कुणी तक्रार करत नसे. आधी त्यांनी थ्रॅश वाजवलं. लूमनी माझे कान कधीच खाल्लेत. मला लूम कुठला आणि गिटार कुठली कळेना. डेथला गाणाऱ्याचं तोंड तेवढं हललेलं दिसलं. मग डूम. एक ठोका, मग थांबणं, मग दुसरा ठोका. तो लूमच्या खालून आला, जमिनीतून, पायांतून वर. मी पोत्यावर बसलो. मला आवडलं असं कोणी समजू नये. पण शिफ्ट करून दमलेल्या माणसाला ते घाई करत नव्हतं, एवढं खरं.

घरी येऊन जेवलो आणि झोपलो. 

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच कोनला गेलो. दारातच सांगितलं, मुलगा डंपरवर येणार नाही. तो डूम वाजवतो आणि वाजवणार. मुलगी द्यायची तर अशी द्या. ते म्हणाले, मग जमणार न्हाय. तोवर मुलगी चहा घेऊन आली होती. तो मी उभ्यानंच प्यालो आणि तसाच ड्युटीवर गेलो.